मदत हवी आहे: चाकू-सुऱ्या जमवण्याचा छंद घरच्यांना कसा पटवून देऊ?

नमस्कार. मी अकरावीत आहे, वय 16, राहणार कोल्हापूर. प्रश्न थोडा लांबलाय, पण पूर्ण वाचूनच उत्तर द्या ही विनंती.

मला जुनी धारेची हत्यारं जमवायला आवडतात. सुरुवात आज्जाच्या अडकित्त्यापासून झाली. आज्जा गेला तेव्हा त्याच्या चंचीतला पितळी अडकित्ता आज्जीने माझ्या हातात दिला. दोन वर्षांत सहा वस्तू झाल्या. त्यात सगळ्यात लाडकी आहे ती रापी. सुभाषनगरात चपला शिवणारे एक काका आहेत, त्यांनी दिली. चामडं कापायची पोलादी पट्टी, धरायच्या जागी कातड्याची वादी गुंडाळलेली आणि ती घामाने काळी पडलेली. दगडावर घासून घासून बोटभर आखूड झाली, म्हणून त्यांनी नवी घेतली. पातं एका कोपऱ्याला जास्त झिजलंय. असं का, विचारलं तर काकांनी चामड्याचा तुकडा घेतला आणि तळाचा गोल कापून दाखवला. वळणावर त्यांचा सगळा भार त्याच कोपऱ्यावर येतो. इतक्या वर्षांचं काम त्या झिजेत दिसतं, मला वेड लागलंय ते ह्याचं.

एक सुरी मामाच्या गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून माझ्यासमोर घडवली. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करतात, त्याला पाणी देणं म्हणतात. पाणी जास्त बसलं तर पातं ठिसूळ होतं, कमी बसलं तर धार टिकत नाही, हे मी तिथे शिकलो. नव्या राजवाड्यातल्या म्युझियममध्ये शस्त्रं बघताना पूर्वी नुसत्या मुठी बघायचो, आता आधी पातं बघतो.

आता अडचण. मे महिन्यात मी घरी न सांगता ऑनलाइन एक घडीचा चाकू मागवला. साठवलेले 650 रुपये होते. पार्सल मम्मीच्या हातात पडलं. ती जाम घाबरली. "कोयते नाचवणारी पोरं रोज पेपरात येतात, तुला त्यांच्यात जाऊन बसायचंय का?" असं म्हणून रडायलाच लागली. पप्पा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आणलास ते आणलास, लपवून का आणलास?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून सगळ्या वस्तू कपाटात कुलपात आहेत, आज्जाचा अडकित्तासुद्धा. तो बघायलाही मिळत नाही याचं फार वाईट वाटतं.

मम्मीची भीती खोटी नाही हे मला कळतं. तलवारीने केक कापला म्हणून पोरांना उचलल्याच्या बातम्या आपल्याकडे येतातच. म्हणून मी कायदा वाचला. शस्त्र कायदा 1959 चा आणि नियम 2016 चे. त्या नियमांच्या यादीत तलवारी, खंजीर, तसंच 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांत धरल्यात. घरकामाची, शेतीची, कारखान्याची हत्यारं वगळली आहेत. शिवाय पोलिसांचा मनाई आदेश असतो तेव्हा शस्त्र घेऊन बाहेर फिरणं गुन्हा आहे. मला काहीही बाहेर न्यायचं नाही. शाळा-कॉलेजच्या सॅकमध्ये नाही, मित्रांना दाखवायला नाही, रील तर नाहीच.

पप्पा शिरोली एमआयडीसीत टर्नर आहेत. खंडेनवमीला टूलबॉक्स घरी आणतात, एकेक टूल पुसून झेंडू वाहतात. त्यांना लोखंडातलं माझ्या दसपट कळतं, म्हणून वाटतं की ते ऐकून तरी घेतील. मम्मीशी कसं बोलायचं तेच सुचत नाही. मागच्या आठवड्यात मी तिच्या विळीला धार लावून दिली. तिने मेथीची जुडी चिरली, पात्यावरून बोट न फिरवता विळी उलटी करून ठेवली, आणि काहीच बोलली नाही.

माझ्या मनात असं आहे: किल्ली पप्पांकडेच राहू दे. नवीन वस्तू त्यांना विचारूनच येईल. बटणाचे चाकू, खंजीर, तलवारी असलं काही नको. प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करीन, कुणाकडून मिळाली, कशासाठी वापरात होती, पातं किती. ऑनलाइन आणलेला चाकू परत घेत नाहीत, तो पप्पांच्या हवाली करीन, ते म्हणतील तसं.

ज्यांना माझ्या वयाची मुलं आहेत त्यांनी सांगा, तुमच्या मुलाने असं विचारलं तर तुम्ही कोणत्या अटीवर हो म्हणाल? आणि कुठल्या गोष्टीने अजून चिडाल?

दोन दिवसांनी:

सगळ्यांचे आभार. एका ताईंनी पात्यांची मापं विचारली होती. सगळ्यात लांब लोहाराची सुरी, साडेपाच इंच. खुरपं रुंद आहे, पण ते शेतीचं. "कायदा आधी सांगू नकोस, वकिली वाटेल" असं दोघांनी लिहिलंय, ते पटलं. काल वही पूर्ण केली. अडकित्त्याच्या पानावर आज्जा कुठून सुपारी आणायचा तेवढंच लिहायचं राहिलंय, ते आज्जीला विचारायला हवं. रविवारी पप्पांना सुट्टी आहे, तेव्हाच बोलणार. फक्त एवढं सांगा, आधी दोघांसमोर पार्सलची माफी मागू, की पप्पांशी एकट्याने बोलून मग मम्मीकडे जाऊ? पप्पांना आधी गाठलं तर मम्मीला पुन्हा लपवल्यासारखं वाटेल का?