उपवनला मोफत आकाशदर्शन: दोन दुर्बिणी, दोनशे माणसं, कसं जमवायचं?

पाचपाखाडीकर:
आमचा हौशी गट ठाण्यातल्या उपवन तलावाकाठी एक दिवस सगळ्यांसाठी मोफत आकाशदर्शन ठेवतोय. दुपारी सूर्य, अंधार पडल्यावर चंद्र आणि गुरू. नावनोंदणी नाही, दोनेकशे लोक धरलेत. साहित्य: ८ इंची डॉब (डॉब्सोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण; नाभीय अंतर १२०० मिमी), ७० मिमी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण; नाभीय अंतर ७०० मिमी), आयपीस (डोळा लावायची भिंगं) २५ आणि १० मिमी. तिथी कुठली धरावी? रांग तुंबू नये म्हणून काय करावं?

डॉबवाला_कळवा:
शुद्ध सप्तमी ते नवमी. सूर्य मावळतो तेव्हा चंद्र चांगला वर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. अष्टमीच्या आसपास टॉलेमियस, अल्फोन्सस, अर्झाकेल ही एकाखाली एक तीन विवरं दाखवा, नवमी-दशमीला कोपर्निकस. पौर्णिमेला गर्दी जास्त होईल, पण चंद्र नुसता पांढरा सपाट दिसतो.

येऊरचा डोंगर पश्चिमेलाच आहे, त्यामुळे तिथे सूर्य वेळेआधी आड जातो. सूर्यदर्शन साडेतीनला सुरू करून पाचला आवरा.

आता रांग. माणशी ४० सेकंद धरले तरी एका दुर्बिणीवर दोनशे माणसांना सव्वादोन तास लागतात. म्हणून काय दिसणार ते रांगेतच सांगून टाका, आयपीसपाशी व्याख्यान नको. डॉबला २५ मिमी लावलात तर ४८ पट मिळतं: अख्खा चंद्र मावतो, गुरूचे चार चंद्र दिसतात आणि वस्तू साधारण चार मिनिटं दृष्टिक्षेत्रात टिकते. १० मिमीला १२० पट, पण पावणेदोन मिनिटांत गुरू बाहेर. म्हणजे दर दोन माणसांमागे दुर्बीण हलवा! गुरूवरचे पट्टे नीट दाखवायचे तर हे करावंच लागेल. तेवढ्यासाठी एक माणूस तिथून हलता कामा नये. ग्रह ज्या काठाने आत येतो तिथे ठेवून द्यायचा, मग तो आपोआप मधून सरकत जातो.

आईबाबा पोराला उचलून धरतात आणि पोरगं दोन्ही हातांनी आयपीसला लटकतं. डॉब फिरलाच समजा. त्यापेक्षा शेजारी भक्कम स्टूल ठेवा आणि पकडायला काठी द्या. मोबाइलवर फोटो काढायला शेवटचा अर्धा तास वेगळा ठेवा, नाहीतर रांग तिथेच मेली.

रिक्षातून खड्डे खात आणलेल्या डॉबचं कोलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत ना) उजेड असतानाच तपासा.

घणसोलीची_तारका:
सूर्यासाठी फक्त ७० मिमी वापरा. डॉब झाकूनच ठेवा. फिल्टर पुढच्या भिंगावर, दृश्य निरीक्षणासाठीचा म्हणजे घनता ५ चा (लाखातला एक भाग प्रकाश आत सोडणारा). तो टॉर्चसमोर धरून टाचणीएवढं भोक नाही ना बघा, मग तीन बाजूंनी टेपने पक्का करा. तलावावरून वारा येतो. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढूनच टाका. आयपीसला बसणारा छोटा काळा सूर्यफिल्टर स्वस्त दुर्बिणीसोबत मिळतो, तो फेकून द्या: केंद्रित उष्णतेने तडकतो आणि डोळा थेट उन्हात.

नेम धरायला नळीची सावली जमिनीवर सर्वांत लहान होईल असं करा. २८ पटीला पूर्ण बिंब दिसतं. डाग असतील तर तेही. दुर्बीण एक मिनिटही बेवारस सोडू नका.

खारघर_गच्ची:
तारे दाखवायला हिरवा लेझर आणू नका, वैमानिकांचे डोळे दिपतात. मुंबईचा विमानतळ होताच, आता नवी मुंबईचाही सुरू झालाय. तारे बोटाने दाखवा, चालतं.

पाचपाखाडीकर:
लेझर रद्द. ‘विक्रम लँडर दाखवा’ म्हणाले तर?

डॉबवाला_कळवा:
म्हणतीलच. ८ इंचीत चंद्रावरचं साधारण १ किमीपर्यंतचंच उकलतं, तेही हवा स्थिर असेल तर. लँडर जेमतेम २ मीटरचं. पण जागा दाखवता येते: २३ ऑगस्ट २०२३ ला ते सुमारे ६९ अंश दक्षिण, ३२ अंश पूर्वेला उतरलं, आणि अष्टमीला तो भाग उजेडात असतो. डॉबमध्ये चित्र उलटं, म्हणून दक्षिण टोक साधारण वरच्या बाजूला शोधा. रिफ्रॅक्टरला डायगोनल (आयपीसआधीचा काटकोनी आरसा) असेल तर वर-खाली बरोबर, डावं-उजवं उलटं.