'इन्व्हॉल्वमेंट'ला मराठीत काय म्हणाल? सहभाग की हस्तक्षेप?

खारीक: परदेशातल्या चिनी लोकांच्या शाळा आणि त्यात सरकारांची इन्व्हॉल्वमेंट, असा एक लेख मराठीत करतेय. मी सगळीकडे 'सहभाग' लिहिलं, तपासणारे म्हणतात 'हस्तक्षेप' करा. पण सरकार काय एकच आहे का? चीनच्या चिंग राजवटीने १९०६ ला नानजिंगला बाहेर वाढलेल्या चिनी पोरांसाठी जिनान नावाची शाळा काढली, हा हस्तक्षेप कसा? आणि १९२० ला ब्रिटिशांनी सिंगापूर-मलायात शाळांची नि मास्तरांची नोंदणी सक्तीची केली, कारण पोरं जपानविरोधी मोर्चे काढायला लागली होती, तो सहभाग कसा? दोन्हीकडे चालेल असा शब्द द्या ना.

बोरूबहाद्दर: 'लक्ष घालणे'. आजी म्हणायची, शेजारीण आपल्या घरात लक्ष घालायला लागली की विरजण देते आणि भांडणही लावते. दोन्ही आलं.

पेणकर: नाम मागितलंय हो. आणि हस्तक्षेप म्हणजे नुसतं हात घालणं, मूळ अर्थ वाईट नाहीच.

तिरफळ: मूळ अर्थ घेऊन बसा. इंडोनेशियात १९६६ ला झाडून सगळ्या चिनी शाळा बंद केल्या, तिथे सरळ 'बंदी' लिहायचं, हात कसले घालताय.

सौ. टिंब: अवांतर, पण ते लोक म्हणजे हुआछ्याव ना? त्यातला छ्याव म्हणजे तात्पुरता मुक्कामाला आलेला. आपला पेशवाईतला 'उपरी' अगदी चपखल! गावात पिढीजात जमिनीचा हक्क असलेला मिरासदार वेगळा, नुसता जमीन कसायला आलेला उपरी वेगळा.

पेणकर: चौथी पिढी तिथे जन्मलेली आणि उपरी? म्हणून तर ते आता स्वतःला हुआरेन, म्हणजे नुसतं चिनी वंशाचे, म्हणवतात. मलेशियात जाऊन उपरी म्हणून बघा.

सौ. टिंब: मी कुठे म्हणतेय, चिंग सरकारच म्हणत होतं. १९०९ चा नागरिकत्व कायदा बघा, बाप चिनी तर पोर चिनी, जन्म डचांच्या ताब्यातल्या बटाव्हियात (आजचं जकार्ता) झाला तरी. डच त्याच्या आधीच सावध झालेले, १९०८ पासून चिनी पोरांसाठी डच माध्यमाच्या शाळा काढत होते. दोन्हीकडून ओढाताण नुसती.

खारीक: 'ओढाताण' चांगलाय पण मथळ्यात नाही बसत. बरं अजून एक, मलेशियातल्या चिनी प्राथमिक शाळांना 'नॅशनल टाइप' म्हणतात, मास्तरांचा पगार सरकार देतं, माध्यम मँडरिन. 'राष्ट्रीय प्रकारची शाळा' लिहिलं तर लोणच्याच्या बरणीवरचं लेबल वाटतं. माध्यमिकला १९६१ च्या कायद्याने सांगितलं माध्यम बदला नाहीतर ग्रँट विसरा, ज्यांनी नाही बदललं त्या साठेक शाळा आजही फी आणि वर्गणीवर चालतात.

तिरफळ: म्हणजे विनाअनुदानित! माझी मावशी नऊ वर्षं 'कायम विनाअनुदानित'वर होती, त्यातलं कायम एवढंच की पगार कायम नव्हता. पुढे सरकारने तो 'कायम' शब्द काढला तेव्हा तिने पेढे वाटले, एका शब्दासाठी!

पेणकर: ग्रँट कशाला, अनुदान म्हणा की.

तिरफळ: स्टाफरूममध्ये बसलायत कधी? "ग्रँट आली का" असंच विचारतात. अनुदान जीआरमध्ये असतं.

पेणकर: आणि जीआर म्हणजे शासन निर्णय.

खारीक: अहो उद्या लेख द्यायचाय, मथळ्यात काय लिहू??

बोरूबहाद्दर: मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलंय.

सौ. टिंब: ती 'वर्गणी' वर्गावरूनच आली असणार ना? म्हणजे शाळेच्या वर्गावरून?