समन्स भुसावळचं, बाई अमळनेरला, वकिलाला द्यायला पैसे नाहीत

गिरणाकाठ :
बचत गटातल्या एका ताईंसाठी विचारतेय. माहेरी अमळनेरला राहतात, शिवणकामाचे महिन्याला 7 हजार सुटतात. नवऱ्याने भुसावळ कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. समन्स हातात पडून आठ दिवस झाले. सासरी रावेर तालुक्यात केळी आहे, पण नवरा स्वतःला बेरोजगार म्हणवतो. एका वकिलांनी 40 हजार सांगितले, वर दर तारखेला 500. ताई पोत मोडायला निघाल्यात. दुसरा मार्ग आहे का?

काळीमाती :
पोत राहू द्या. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो आणि तिची कमाई किती हे बघत नाहीत, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत चकरा नकोत. (3 लाखांची वार्षिक मर्यादा आपल्या राज्यात पुरुषांना आहे, त्यातही अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना नाही.) केस भुसावळला आहे म्हणून अर्ज तिथल्या तालुका विधी सेवा समितीकडे करा. साधा अर्ज, आधारची झेरॉक्स आणि समन्ससोबत आलेले सगळे कागद जोडा. आधी विचारायचं असेल तर 15100 वर फोन लावा.

यात वकील तर येतोच, शिवाय प्रोसेस फी (समन्स-नोटिसा बजावण्याचा खर्च) आणि सहीशिक्क्याच्या नकलांचा खर्चही समितीकडे. घटस्फोट आणि पोटगीच्या कामात महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी 1994 पासून माफ आहे. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. मागितलेच तर समितीला लेखी कळवा, वकील बदलून मिळतो.

वकील मिळेपर्यंत पहिली तारीख मात्र चुकवू नका. ताईंनी स्वतः उभं राहून मुदतीचा अर्ज द्यायचा. कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत, कोर्टाने वाढवून दिलं तर 90 पर्यंत. गैरहजर राहिलं की काम एकतर्फी चालतं, आणि तो हुकूम उलटवायला केसपेक्षा जास्त दमछाक होते.

सातपुडा_425 :
काळीमातींनी वकिलाचं सांगितलं. पण अमळनेर-भुसावळ भाडं, बुडालेली मजुरी, रोजचं खाणं? त्यासाठी हिंदू विवाह कायद्याचं कलम 24. केस चालू असतानाची पोटगी आणि कोर्टखर्च नवऱ्याकडून मागता येतो. कैफियतीबरोबरच हा अर्ज टाका. नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, कारण नवरा उत्पन्नाचं शपथपत्रच देत नाही.

त्यावर 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा हा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, नवऱ्याला त्यासाठी 4 आठवडे. टाळाटाळ केली तर त्याचा बचाव रद्द करायची मागणी करता येते. त्या निकालात शेतकऱ्यासाठी वेगळा नमुना दिलाय. बऱ्याचदा नोकरदाराचाच नमुना भरून देतात, मग "पगार : निरंक" लिहून मोकळे. शेतीचा नमुना भरायला लावा.

पुरावा ताईंनीच जमवायचा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. सोबत 8-अ घ्या, एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एका कागदावर दिसते. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल तर फेरफार बघा, वाटणी झालीय का ते कळेल. सातबाऱ्याच्या पीक नोंदीत केळी असेल तर "पडीक आहे" हे टिकत नाही. धडधाकट माणूस "काम नाही" म्हणाला म्हणून पोटगीतून सुटत नाही, पण आकडा कागदावरच ठरतो.

प्रवास फारच जड होत असेल तर पोटगीचा वेगळा अर्ज अमळनेरलाच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125). दोन्ही अर्ज चालतात, मात्र एकाचा उल्लेख दुसऱ्यात करायचाच. लपवलं तर पुढे तोंडघशी पडायची वेळ येते. 144 खाली हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत. बायका "देईल, देईल" करत थांबतात आणि जुने महिने हातचे जातात.

पावरा_शहादा :
एक भर. आपल्याकडे नंदुरबार, शिरपूर, चोपडा भागात भिल्ल, पावरा, कोकणी कुटुंबं आहेत. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही, म्हणून कलम 24 चा अर्ज तिथे फेटाळला जाऊ शकतो. त्यांनी थेट 144 किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा धरावा.

गिरणाकाठ :
उपकार झाले. एक अडचण सांगायची राहिली. त्या 40 हजारवाल्यांनी 5 हजार घेऊन वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सही घेतलीय. आता बाकी दिल्याशिवाय कागद देत नाही म्हणतात. नाहीतर पुढच्या पोटगीत 20 टक्के द्या, असंही म्हणाले.

काळीमाती :
टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच बंदी आहे. आणि फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2000 मध्येच स्पष्ट केलंय. वकालतनामा रद्द करतेय, मूळ कागद आणि ना-हरकत द्या, असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. ना-हरकत नाही मिळाली तर ती पोचपावती दाखवून कोर्टाच्या परवानगीने नवा वकालतनामा दाखल होतो. मूळ लग्नपत्रिका, मुलांचे दाखले यापुढे कुणाच्याच हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. केसचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते, त्यासाठी कुणाला 500 द्यावे लागत नाहीत.