मदत हवी आहे : पुण्यात राहून यिडिश शिकायची आहे, सुरुवात कशी करू?

ऋता_पुणे

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळतंय, आता इथे विचारतेच. मला यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची जर्मनच्या जवळची भाषा, शिकायची आहे. चार वाक्यं बोलता आली की झालं, असं नाही. शोलेम अलेखेम आणि आयझॅक बाशेव्हिस सिंगर हे यिडिश लेखक मुळातून वाचता यावेत, आणि पुढेमागे जमलं तर एखादी कथा इंग्रजीची मध्यस्थी न घेता थेट मराठीत आणता यावी, एवढी शिकायची आहे.

माझी तयारी सांगते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, पुढे बी-टूपर्यंत परीक्षा दिल्या, आता जर्मनमधून मराठीत अनुवाद करते. जर्मन साहित्य वाचताना पूर्व युरोपातल्या ज्यूंचं जग सारखं कडेकडेने दिसत राहिलं. मग कधीतरी एका यिडिश कथेचं वाचन ऐकलं आणि निम्म्याहून जास्त समजलं! पण तीच कथा छापील पाहायला गेले तर एक अक्षर लागेना, कारण लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे. कानाला जवळची आणि डोळ्यांना पूर्ण परकी अशी ही भाषा तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधी यिडिश बोलणारे एक कोटीहून अधिक लोक होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंमधल्या बहुसंख्य लोकांची ही घरची भाषा होती. त्यामुळे यिडिशचा विषय निघाला की बोलणं लगेच शोकसभेच्या सुरात जातं. ते दुःख विसरावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण याच भाषेत दैनिकं निघत होती, कामगारांच्या सभा होत होत्या, नाटकं हाउसफुल्ल जात होती, सासवांवरचे विनोद आणि खणखणीत शिव्याशाप होते, प्रेमकविता होत्या. मला ती भाषा अशी नांदती भेटायला हवी आहे. आजही ती नांदते आहे ना, कुठे आणि कशी, तेही कळायला हवं आहे.

अडचणी अशा. फोनवर डुओलिंगो उघडलं तर 'चांगलं'साठी 'गिट' ऐकू येतं, जुन्या ध्वनिमुद्रणांत 'गुट' ऐकू येतं. कोणता उच्चार धरावा? ऑनलाइन वर्ग कोणते चांगले, आणि भारतातून वेळा जुळतात का? पुण्यात लाल देवळात, म्हणजे इथल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, चौकशी केली तर कोणी यिडिश जाणणारं भेटेल का? आणि नुसतं व्याकरण नको. गाणी, नाटक, सण, गप्पा हे सगळं कुठे अनुभवता येईल? एकदा तरी उन्हाळी वर्गाला जायची इच्छा आहे. त्यासाठी पैसे साठवायला आत्तापासून सुरुवात करेन, पण कुठल्या गावासाठी साठवू, ते तुम्ही सांगा.

---

अश्दोदची_आत्या

ऋता, आधी लाल देवळाचं सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, माझं माहेर पेणचं. आमच्या घरात बोलणं मराठी, प्रार्थना हिब्रूत, आणि कीर्तनंसुद्धा मराठीत व्हायची. पुण्याचं लाल देऊळ डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं, ते बगदादी ज्यू. त्यांची जुनी घरची भाषा अरबी. यिडिश ही अश्केनाझींची, म्हणजे जर्मनी, पोलंड, लिथुआनिया, युक्रेन, रोमानिया या पट्ट्यातल्या ज्यूंची. तेव्हा देवळात जरूर जा, वास्तू फार सुंदर आहे, पण तिथे यिडिश भेटेल या आशेने जाऊ नकोस. 'ज्यू म्हणजे यिडिश येणारच' हा समज इथे इस्राएलमध्ये आल्यावर आमच्या लोकांनी खूप सोसला आहे, म्हणून आवर्जून सांगते.

आता इथलं. तेल अवीवमध्ये यिडिशपील नावाची नाटकमंडळी १९८७ पासून आहे. नाटक यिडिशमध्ये आणि वरच्या पट्टीवर हिब्रू आणि रशियन भाषांतर, त्यामुळे माझ्यासारखीलाही पाहता येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या शेजारच्या रोमानियाच्या बाई प्रत्येक विनोदावर भाषांतर उमटायच्या आत हसत होत्या आणि मी त्यांच्याकडेच बघत बसले होते. तेल अवीवमध्येच बेत शालोम अलेखेम ही संस्था आहे, तिथे यिडिशचे वर्ग चालतात. तेल अवीव विद्यापीठाचा उन्हाळी यिडिश अभ्यासक्रमही नावाजलेला आहे.

इस्राएलच्या सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यांनी हिब्रूच बोलावी असा फार आग्रह होता आणि यिडिशला घराबाहेर मान नव्हता. पुढे १९९६ मध्ये संसदेने कायदा करून यिडिश संस्कृतीसाठी राष्ट्रीय प्राधिकरण नेमलं. उशीर झाला, पण झालं. त्या शेजारणीची नातवंडं यिडिश बोलत नाहीत, माझी मराठी बोलत नाहीत. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून हिब्रूत हेच बोलत असतो. म्हणून तू पुण्यात बसून ही भाषा शिकणार, याचा मला मनापासून आनंद झाला.

---

जॅक्सनहाइट्सकर

ऋता, उच्चाराचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आज ज्यांच्या घरात लहान मुलंसुद्धा यिडिशमध्ये भांडतात, असे लोक म्हणजे मुख्यतः हसिदी या कर्मठ पंथाचे ज्यू. इथे ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्ग आणि बरो पार्कला जा. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या बस, साप्ताहिकं, सगळीकडे यिडिश दिसेल. ती भाषा नामशेष व्हायच्या वाटेवर मुळीच नाही, उलट बोलणारे वाढताहेत. यातल्या बहुतेक कुटुंबांची मुळं हंगेरी-पोलंडकडची, म्हणून त्यांच्या बोलण्यात 'उ'चा 'इ' होतो : 'गुट'चं 'गिट', 'कुगल'चं 'किगल'. 'ओ'चा 'उ' होतो : 'झोगन'चं 'झुगन'. डुओलिंगोचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये आला. त्यात लेखन प्रमाण पद्धतीचं आणि उच्चार याच वळणाचे आहेत. नवशिक्याचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

विद्यापीठांत आणि बहुतेक वर्गांत शिकवतात ती 'क्लाल-श्प्राख', प्रमाण यिडिश. प्रमाण मराठी आणि मालवणी यांचं जे नातं, साधारण तसंच हे समजा : प्रमाण शिकलात तर वाचनाची दारं उघडतात, पण अस्सल बोली ऐकायला गेलं की कान पुन्हा लावावा लागतो. तुम्हाला साहित्य वाचायचं आहे, तेव्हा माझं स्पष्ट मत : प्रमाण उच्चार धरा, आणि डुओलिंगो बाजूला ठेवा. अक्षरओळख पक्की झाल्यावर सरावासाठी पुन्हा उघडा.

वर्गांसाठी पहिलं नाव यिवो. ही यिडिशच्या अभ्यासाची संस्था १९२५ मध्ये विल्नो, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये स्थापन झाली आणि १९४० मध्ये तिचं मुख्यालय न्यूयॉर्कला आलं. नाझींनी विल्नोतला तिचा संग्रह लुटायला घेतला, तेव्हा घेट्टोत, म्हणजे ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत, कोंडलेल्या कवींनी आणि ग्रंथपालांनी पुस्तकं-कागद अंगावर लपवून बाहेर काढून जमिनीत पुरले. त्यातले बरेच आज इथे सोळाव्या रस्त्यावरच्या इमारतीत पाहायला मिळतात. यिवोचा उन्हाळी अभ्यासक्रम १९६८ पासून चालू आहे, सहा आठवडे, अगदी कसून. वर्षभर ऑनलाइन वर्गही असतात. शिवाय त्यांच्या संकेतस्थळावर अश्केनाझी जीवन आणि लोककथांवर इंग्रजीतले मोफत अभ्यासक्रम आहेत, आपल्या सवडीने करता येतात. पैसे भरण्याआधी ते करून पाहा.

दुसरं नाव वर्कर्स सर्कल. १९०० मध्ये स्थलांतरित कामगारांनी उभारलेली ही संघटना आता यिडिशचे भरपूर ऑनलाइन वर्ग चालवते. वातावरण घरगुती. पण वेळेचा हिशोब करा : इथले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे चार आणि हिवाळ्यात पाच. त्यामुळे इथल्या दुपारी असलेला वर्ग शोधा.

आणि अ‍ॅम्हर्स्टचं यिडिश बुक सेंटर! ॲरन लॅन्स्की हा तरुण विद्यार्थी असताना त्याला सांगण्यात आलं होतं की जगात वाचवण्याजोगी सत्तर हजारेक यिडिश पुस्तकं उरली असतील. त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरांतून, तळघरांतून, कचऱ्याच्या पेट्यांतून पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली, १९८० मध्ये संस्था काढली, आणि आजवर दहा लाखांहून अधिक पुस्तकं वाचवली. त्यातली हजारो शीर्षकं स्कॅन करून मोफत ठेवली आहेत. पुण्यात बसून तुम्हाला एक पैसा न देता हे ग्रंथालय मिळतं. तिथेच ध्वनिमुद्रित पुस्तकंही आहेत, माँट्रियलच्या ज्यू सार्वजनिक ग्रंथालयात यिडिश मातृभाषा असलेल्या लोकांनी वाचलेली. तुम्ही ऐकलेली कथा बहुधा अशाच संग्रहातली असावी. छापील पान समोर ठेवून कानाने ऐका, लिपी फार लवकर बसेल.

नाटकाचं म्हणाल तर इथली फोक्सबीने मंडळी १९१५ पासून अखंड चालू आहे. आणि डिसेंबरअखेर यिडिश न्यूयॉर्क नावाचा मेळा भरतो : दिवसा भाषेचे, गाण्याचे, नाचाचे वर्ग, रात्री मैफली.

---

राइनकाठी

मी ड्युसेलडॉर्फला राहतो. इथल्या विद्यापीठात यिडिशचा स्वतंत्र विभाग आहे, त्रियरलाही आहे. मी बाहेरून काही वर्ग केले, तेव्हा जर्मन येणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

जर्मन हा तुमचा मोठा आधार, आणि तोच घात करणारा. जर्मनमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी ढकलायची सवय तुम्हाला लागलेली असणार. यिडिशमध्ये ते तिथेही दुसऱ्याच जागी राहतं. साधा भूतकाळ नाहीच. सगळं 'होब्न' किंवा 'झायन' घेऊन कृदंताने सांगायचं. आत्मवाचक सर्वनाम सगळ्या पुरुषांना एकच, 'झिख'. हे ऐकायला सोपं वाटतं, पण लिहिताना हात आपोआप जर्मन वळणावर जातो, आणि तुमची यिडिश म्हणजे हिब्रू लिपीतलं जर्मन होऊन बसते. इथले काही जर्मन विद्यार्थी शेवटपर्यंत त्यातून बाहेर पडले नाहीत. या भाषेला शतकानुशतकं 'बिघडलेलं जर्मन' म्हणून हिणवलं गेलं आहे, म्हणून ही काळजी घ्याच.

लिपीबद्दल घाबरू नका. जर्मन आणि स्लाव मूळ असलेले शब्द उच्चाराप्रमाणे, स्वरांसकट लिहितात. हिब्रू-अरामी मूळ असलेले शब्द मात्र मूळ लेखनाप्रमाणेच राहतात, त्यांत स्वर दिसत नाहीत : शाबेस, खावेर, एमेस, मिश्पोखे. हे पाठ करण्याला पर्याय नाही. पहिल्या दिवसापासून त्यांची वेगळी वही ठेवा.

पुस्तक : उरिएल वाइनराइख यांचं 'कॉलेज यिडिश', १९४९ चं. लेखक तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे होते. धडे जुन्या पद्धतीचे, पण व्याकरण इतकं स्वच्छ मांडलेलं आहे की अनुवादकाला तेच हवं. बोलण्यासाठी यिडिश बुक सेंटरचं २०२० चं 'इन एयनेम' जास्त जिवंत आहे, पण ते शिक्षकासोबतच करा.

उन्हाळ्यासाठी मी वायमारचं नाव सुचवेन. तिथे दर उन्हाळ्यात यिडिश समर भरतो : क्लेझमर (पूर्व युरोपातल्या ज्यूंचं पारंपरिक संगीत) वादन, गाणं, नाच, भाषा, सगळं एकत्र. जगभरचे वादक येतात आणि रात्री चौकात बसून वाजवत राहतात. भाषा कसून शिकायची तर यिवो किंवा तेल अवीव, यिडिश संस्कृतीत चार दिवस बुडून जायचं तर वायमार. तुम्हाला जर्मन येतं, त्यामुळे इथे राहणं-फिरणंही सोपं जाईल. पॅरिसला मेदेम ग्रंथालय आहे, १९२९ चं, यिडिश सांस्कृतिक केंद्राचा भाग. ऑनलाइन वर्गांच्या वेळा तुम्हाला सोयीच्या (तिथले संध्याकाळचे सात म्हणजे तुमचे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा), पण बरेच वर्ग फ्रेंच माध्यमातून असतात.

---

ऋता_पुणे

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! आत्या, तुमच्या जिन्यातल्या गप्पा वाचून खूप वेळ तशीच बसले होते. पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा त्या शेजारीण आजींना विचाराल का, त्यांचं गाव कोणतं ते?

ठरवलं ते असं : आधी लिपी, सोबत ध्वनिमुद्रित कथा, प्रमाण उच्चार. यिवोचा मोफत अभ्यासक्रम आजच उघडला. वाइनराइखचं पुस्तक मागवते. वायमारसाठी वेगळं खातं काढते. एकच राहिलं : अक्षरं जुळली की पहिलं काय वाचू? थेट कथा घेतली तर शब्दकोशातच अडकेन अशी भीती वाटते.

---

जॅक्सनहाइट्सकर

पत्रं वाचा. 'फोरव्हर्ट्स' हे न्यूयॉर्कचं यिडिश दैनिक १८९७ मध्ये निघालं (छापील आवृत्ती २०१९ ला थांबली, यिडिश मजकूर अजून ऑनलाइन येतो). त्यात १९०६ पासून 'बिंटल ब्रीव्ह' नावाचं सदर होतं. नव्याने अमेरिकेत आलेले लोक सल्ला मागायचे : नवरा सोडून गेला, कारखान्याचा मालक छळतो, मुलगा धर्म मानत नाही, गावाकडच्या आईला काय कळवू. पत्रं छोटी, भाषा साध्या माणसांची. त्या काळच्या वर्तमानपत्री यिडिशवर जर्मनची छाप जास्त होती, म्हणून तुम्हाला पटकन कळेल. जुने अंक इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऐतिहासिक ज्यू वृत्तपत्रांच्या संग्रहात मोफत आहेत. लेखन मात्र प्रमाण पद्धतीचं नसतं, तेव्हा स्वतः लिहिताना त्याची नक्कल करू नका.

---

राइनकाठी

पत्रांची कल्पना उत्तम. शब्दांसाठी वेर्टरबुख डॉट ऑर्ग हा ऑनलाइन शब्दकोश वापरा, काही शब्द मोफत शोधता येतात. आणि एकट्याने वाचू नका. यिडिशवाले 'लेयेनक्रायझ' भरवतात, वाचनकट्टा; एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी अडवायचं. लिपी झाली की कळवा, रविवारी तुमच्या दुपारी मी तासभर मोकळा असतो. एक पत्र एका बैठकीत होईल.

---

अश्दोदची_आत्या

मीही ऐकायला बसेन. हिब्रूतून आलेले शब्द मला ओळखता येतील, उच्चार वेगळे असले तरी. शेजारणीला विचारलं : त्यांचं गाव रोमानियातलं याश. तिथेच १८७६ मध्ये गोल्डफाडेन यांनी यिडिशमधली पहिली व्यावसायिक नाटकं एका बागेत केली, असं त्या मोठ्या अभिमानाने सांगतात. रविवारी त्यांनाही बोलावू का?