आईसाठी हॉस्पिस की घरी येणारी सेवा? चांगली-वाईट कशावरून ओळखायची?

कर्दळ

आई ७१ वर्षांची. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. मागच्या मंगळवारी डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा म्हणजे नेमकं काय, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. समोर तीन पर्याय आहेत. एक, वारज्याचं सिप्लाचं केंद्र, म्हणजे हॉस्पिस: बरं न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी ठेवून शेवटपर्यंत सांभाळ करणारी जागा. दोन, एक नवीन खासगी सेंटर. तिथे लॉबीत कारंजं आहे, बुद्धाची मूर्ती आहे, महिन्याचे पैसे आगाऊ. डॉक्टर केव्हा येतात विचारलं तर उत्तर "ऑन कॉल". तीन, घरी नर्स पाठवणारी कंपनी. तिची सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पॅकेजेस आहेत. (हसू आलं मला. मरणाचं प्लॅटिनम.)

भावाने न्यू जर्सीहून एक्सेल शीट पाठवलीय. रेटिंग, अंतर, एसी, वायफाय, बेडची किंमत. सगळे रकाने भरून झाले, तरी कोणाला हो म्हणायचं ते कळत नाही. मामांपुढे हॉस्पिस शब्द काढला तर म्हणाले, "म्हणजे बहिणीला मरायला टाकताय." आईला सगळं माहीत आहे. तिचं म्हणणं एवढंच, "दुखायला नको, आणि नाकात नळी नको."

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, जाऊन नेमकं काय विचारू?

---

दुपारशेपटी

कर्दळ, शीट बाजूला ठेवा. मी २०१९ मध्ये बाबांसाठी दोन सेवा घेतल्या. पहिली चुकली होती, म्हणून हे लिहिता येतंय.

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. पहिली सेवा (नाव देत नाही) एकदम चकाचक. गणवेशातला मुलगा रोज सकाळी यायचा, बीपी, शुगर, ऑक्सिजन मोजायचा आणि ॲपवर चढवायचा. मला ऑफिसात आलेख दिसायचा. आलेख कायम हिरवा! बाबा मात्र कूस बदलताना उशीचा अभ्रा दातात धरायचे. दुखतंय किती, याला त्या ॲपमध्ये जागाच नव्हती.

एका रात्री २.४० ला बाबा ओरडले. माझे बाबा आयुष्यात ओरडले नव्हते. चोवीस तासांच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलाने आधी पेशंट आयडी मागितला. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद उपसतेय, आतून आवाज येतोय, आणि हा म्हणतो, "मॅडम, आयडीशिवाय तिकीट ओपन होत नाही." आयडी सापडला, तर सल्ला काय? "जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला घेऊन जा." नेलं. तीन दिवस आयसीयू. बाबा मास्क काढून फेकत होते, म्हणून त्यांचे हात बांधले. जे टाळायला आम्ही पैसे मोजत होतो, बरोब्बर तेच झालं.

नंतर कळलं, त्या कंपनीकडे मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं अफूपासूनचं औषध, नव्हतंच. म्हणून माझा पहिला प्रश्न हाच: तोंडाने घ्यायचं मॉर्फिन तुमच्याकडे साठ्यात आहे का? "लागलं तर बघू" हे उत्तर नव्हे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यातल्या परवान्यांच्या कटकटीने हॉस्पिटलांनी हे औषध ठेवणंच सोडलं होतं. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली संस्था ते ठेवू शकते. तेव्हा थेट विचारा, तुमच्याकडे ती मान्यता आहे का? काम करणारी माणसं पटकन सांगतात. बाकीचे ब्रोशर पुढे करतात.

दुसरी सेवा एका ट्रस्टची. सिस्टर आल्या, बाबांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि पहिली वीस मिनिटं त्यांनी बीपीचं मशीन बाहेरच काढलं नाही. "काका, काल रात्री किती वेळा जाग आली?" "दुखणं टोचल्यासारखं की जळजळल्यासारखं?" मग, "शौचाला कधी झालं होतं?" बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी आणायला म्हणून उठले. दारातून ऐकलं: सहा दिवस. ॲपवाल्या मुलाने हे एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टर त्याच दिवशी येऊन बघून गेले आणि त्यांनी मॉर्फिन सुरू केलं. सिस्टरांनी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे घड्याळ काढलं. सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवायला नको. मधेच दुखलं तर द्यायची एक वेगळी गोळी, ती कधी दिली ते लिहायला वेगळा रकाना. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनच्या बाकीच्या त्रासांची शरीराला सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही. (प्रत्येकाचा डोस वेगळा असतो, हे वाचून कोणी घरी प्रयोग करू नका.) आठवड्याभरात बाबा गॅलरीत बसून शब्दकोडं सोडवत होते. मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं असं तुमचे मामा म्हणतील, तर त्यांना सांगा, त्यानंतर आमचे बाबा सव्वादोन महिने होते आणि दाढी स्वतःची स्वतः करत होते.

दुसरा प्रश्न फोनचा. रात्री फोन कोण उचलतं? पेशंटला ओळखणारी नर्स, की कॉल सेंटर? तिला औषध वाढवायचा निरोप डॉक्टरांकडून तेव्हाच्या तेव्हा मिळतो का? सही करण्याआधी एकदा रात्री फोन करून बघा. लाजू नका.

तिसरा प्रश्न विचारताना जीभ अडते, पण विचारा. आई घरीच गेल्या तर मृत्यूचा दाखला कोण देणार? घरच्या मृत्यूला डॉक्टरांनी कारणाचा फॉर्म ४-ए भरून द्यावा लागतो. शेजारच्यांच्या आजोबांच्या वेळी पहाटे चारला तीन दवाखान्यांची दारं वाजवली होती, "आम्ही पेशंट बघितलेला नाही" म्हणून सगळ्यांनी हात वर केले. आमच्या ट्रस्टच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितलं होतं, "मी येईन." आणि आले. पायांत स्लिपर होत्या.

आईंचं "नळी नको" लिहून घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये असं आगाऊ लिहून ठेवायला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बस. तो कागद सेवा देणाऱ्यापुढे ठेवा आणि त्याचा चेहरा बघा.

---

निवृत्त_सिस्टर

वर दुपारशेपटी यांनी घरच्या सेवेबद्दल लिहिलंच आहे. मी वॉर्डात बावीस वर्षं काढली, म्हणून आत राहायच्या जागेबद्दल सांगते.

ठरवून दिलेल्या वेळेला जाऊ नका. दुपारी साडेबाराला जेवणाच्या वेळी जा, नाहीतर संध्याकाळी ड्यूटी बदलताना. कारंजं बघू नका, पेशंटचे ओठ बघा. ओठ कोरडे, फुटलेले, जिभेवर पांढरा थर, म्हणजे तोंड पुसायला कोणाला वेळ नाही. शेवटच्या दिवसांत माणूस पाणी पीत नाही, तेव्हा ओल्या कापसाने दर थोड्या वेळाने तोंड ओलं करणं हीच मोठी नर्सिंग. मग टाचा बघा. टाचेखाली उशी आहे का, की टाच गादीवर टेकलीय? बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, माकडहाडाला होतो हे सगळ्यांना माहीत असतं, टाच विसरतात. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही असं कोणी म्हणालं तर उठून या.

रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर ते विचारा. वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामा धरून आकडा सांगतात, तो घेऊ नका.

आणि हे विचारा: "पेशंटचं खाणं बंद झालं तर काय करता?" घाईने "नळी घालतो, सलाईन लावतो" म्हणाले तर ते साधं नर्सिंग होम आहे, दारावर पाटी कसलीही असो. जाणती माणसं आधी तुम्हालाच विचारतील, "त्यांना स्वतःला काय हवंय?" शेवटी शेवटी घशात घरघर लागते. नातेवाईक घाबरून सक्शन, म्हणजे नळीने घशातला कफ ओढून काढणं, मागतात. चांगली सिस्टर कुशीवर वळवते, गरज असेल तर इंजेक्शन देते आणि मुलीला बाजूला घेऊन सांगते की हा आवाज आपल्याला त्रास देतो, त्यांना बहुधा जाणवत नाही. हे सांगायला वेळ काढणारी माणसं जिथे असतील तिथे ठेवा.

हॉस्पिस म्हणजे टाकणं, हे बावीस वर्षं ऐकलं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ चं, आपल्या देशातलं पहिलं. पैसे घेत नाहीत. वारज्याचं १९९७ पासून आहे, तेही मोफत, आणि तिथे घरचं माणूस सोबत राहू शकतं. मामांना म्हणावं, या की चार दिवस राहायला. दुखणं आटोक्यात आलं की पेशंट घरीही जातात, हेही त्यांना माहीत नसेल.

---

मांजराकाठचा

तुमचं वाचून बरं वाटलं आणि रागही आला. तीन पर्याय! आमच्याकडे लातूर भागात खेड्यात एक सापडला तरी देव पावला.

चुलतीला तोंडाचा कॅन्सर होता. गालाला भोक पडलेलं, वास असा की पोरं अंगणातून आत येईनात. चुलती स्वतःच गोठ्याशेजारच्या खोलीत जाऊन निजायला लागली. शेवटी सिव्हिलला पॅलिएटिव्हचं, म्हणजे दुखणं-त्रास कमी करण्याच्या सेवेचं, प्रशिक्षण घेतलेल्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी काय केलं तर मेट्रोनिडॅझोलच्या (जंतू मारणाऱ्या) गोळ्या कुटून, वस्त्रगाळ करून जखमेत रोज भरायला शिकवलं. काही रुपयांच्या गोळ्या. चार-पाच दिवसांत वास गेला आणि चुलती माजघरात आली. नातीने जवळ बसून वेणी घातली तिची.

तेव्हा ताई, एसी-बिसी सोडा. "जखमेला वास आला तर काय करता?" एवढं विचारा. नाक मुरडतात की उत्तर देतात ते बघा. आणि जिल्ह्यातल्या लोकांनी आधी सिव्हिललाच चौकशी करावी, काही ठिकाणी हा कक्ष असतो, पाटी दिसत नाही एवढंच.

---

एडिसनकर

भावाची बाजू घेतो थोडी. मीही अमेरिकेतच, एक्सेल त्याच्या डोक्यात इकडून आलंय. अमेरिकेत आजार त्याच्या गतीने गेला तर सहा महिने किंवा कमी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं की मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, हॉस्पिसचा खर्च उचलतं. बहुतेकांना ती सेवा घरीच मिळते. सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक हॉस्पिसची माहिती असते, पेशंट गेल्यानंतर घरच्यांकडून प्रश्नावली भरून घेतात, त्यावरून तारे देतात. त्याला वाटतंय तिकडचे गूगलवरचे तारे म्हणजे तेच. तसं नाही. गूगलवर पार्किंग चांगलं म्हणूनही पाच तारे पडतात.

पण इकडचं एक मोजमाप उचलण्यासारखं आहे. शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस नर्स किंवा सोशल वर्कर प्रत्यक्ष येऊन गेले का, हे मोजतात. सासूबाईंच्या वेळी आमच्याकडची सेवा नेमकी तिथेच लंगडी पडली. शनिवार-रविवार आला आणि सगळं फोनवर. तेव्हा कंपनीला विचारा, शेवटचे दिवस दिसू लागले की फेऱ्या वाढवता का, आणि त्या प्लॅटिनममध्येच आहेत का?

भावाला एक काम द्या. इकडे दिवस असतो तेव्हा तिकडे रात्र. रात्री दोनला फोन करून बघायचं काम त्याचं.

---

कर्दळ

सगळ्यांचे आभार. एडिसनकर, भावाला काम दिलं. त्याने तीन रात्री तीन ठिकाणी फोन लावले आणि शीटमध्ये नवा रकाना केला: "२ वाजता".

खासगी सेंटरला वॉचमनने उचलला. कंपनीने आयडी मागितला (दुपारशेपटी, मला तुमचा ओटा आठवला). प्लॅटिनममध्ये मॉर्फिन नाही, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर मान्य केलं. एका ट्रस्टचा नंबर मला खासगी निरोपातून मिळाला होता, तिथे सिस्टरने उचलला. भावाने सांगितलं की नुसती चौकशी करतोय. ती म्हणाली, "आधी सांगा, पेशंटला आत्ता त्रास होतोय का? नसेल तर सकाळी निवांत बोलू." त्याने मला लगेच फोन केला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

काल ट्रस्टच्या डॉक्टर येऊन गेल्या. मामा मुद्दाम हजर होते. डॉक्टरांनी आईला विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?" आई म्हणाली, रात्रीची. मामा उठून गॅलरीत गेले. निवृत्त_सिस्टर, टाचेखाली उशी ठेवलीय. गोळ्या आज सकाळी सहापासून सुरू झाल्या. घरी जमेनासं झालं तर वारज्याला न्यायचं, हे आईसमोरच बोलून ठेवलंय. तिथे सोबत मी राहीन म्हटलं, तर मामा म्हणाले पाळी लावू.

सिस्टर उद्या दहाला येणार आहेत. आई विचारतेय, त्या साखरेचा चहा घेतात का.