पीयूसीत हाय आयडलला सीओ जास्त येतोय. कन्व्हर्टर बदलावा का?

मंडळी, पुण्यात नोंदवलेली २०१४ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बीएस-४. सीएनजी किट नाही. पीयूसीची मुदत संपत आलीय आणि गाडी साध्या आयडलला पास होते (सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत, एचसी म्हणजे हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या खाली), पण हाय आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत २५०० आरपीएमला, सीओ ०.४ टक्के दाखवते. तिथे मर्यादा ०.२ आहे. लॅम्बडा (हवा आणि इंधनाचं प्रमाण) मात्र १.००, म्हणजे अगदी बरोबर.

इंजिन पूर्ण तापवून, हायवेवर पळवून लगेच तपासणी केली. एअर फिल्टर, प्लग, ऑइल नवीन आहे. दुसऱ्या सेंटरवरही आकडे जवळपास तेच, त्यामुळे मशीनची चूक वाटत नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, स्कॅनरवर कोडही नाही. सायलेन्सरला गळती नाही.

एक गॅरेजवाला म्हणतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) गेला, दुसरा सगळं खापर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर फोडतो. दुसऱ्याचं मला पटत नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्याने सीओ झालाच तर कमी व्हायला हवा. पण पीयूसी मशीन लॅम्बडा थेट मोजत नाही, धुरातल्या वायूंच्या प्रमाणावरून काढतं, आणि त्या गणितात इंधनातला ऑक्सिजनही धरलेला असतो. गणित साध्या पेट्रोलचं असेल तर १.०० हा आकडा कितपत खरा?

कन्व्हर्टर महाग आहे आणि बाजारातल्या स्वस्त मालावर माझा भरवसा नाही. जाणकारांनी सांगावं: कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा ग्राफ पाहून कन्व्हर्टर मेलाय हे खात्रीने कळतं का, की आधी कन्व्हर्टरच्या पुढचा (इंजिनकडचा) सेन्सर बदलून पाहावा?