मदत हवी आहे: चॅनेलवर बोलताना माझं वाक्य अर्ध्यातच तुटतं

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका कृषी विज्ञान केंद्रात पीक संरक्षणाचं काम बघते. शिक्षण कीटकशास्त्रात झालंय. बांधावर उभं राहून किंवा शेतीशाळेत शंभर-दीडशे शेतकऱ्यांसमोर तासभर बोलायचं असेल तर मला काही वाटत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं, पोचलं की नाही. नसेल पोचलं तर पुन्हा सांगते. कॅमेऱ्यासमोर आणि चॅनेलच्या फोनवर हे जमत नाही, आणि गेल्या वर्षी त्याचा फटका दुसऱ्याच कुणाला बसला. म्हणून हा धागा.

पोळ्यानंतरचा आठवडा होता. कपाशीत डोमकळ्या दिसायला लागल्या होत्या. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या जाळ्याने एकमेकींना चिकटतात, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. तीच डोमकळी.) एका वृत्तवाहिनीवरून संध्याकाळी फोन आला, "मॅडम, दोन मिनिटांचा फोनो द्या." मी ऑफिसातून निघत होते, गाडीजवळ उभी राहूनच घेतला. अँकरने विचारलं, शेतकऱ्यांनी आता काय करायचं? मी सुरू केलं, "कामगंध सापळ्यांमध्ये सलग तीन रात्री प्रति सापळा आठ किंवा त्याहून जास्त पतंग, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं प्रादुर्भावग्रस्त..." आणि तिथेच त्यांनी तोडलं. (कामगंध सापळा म्हणजे मादीसारख्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा.) "म्हणजे फवारणी करायची की नाही मॅडम?" मी गोंधळून म्हणाले, "नाही नाही, सरसकट फवारणी करू नका, पण..." पुढचं कुणी ऐकलंच नाही. ते दुसऱ्या पाहुण्याकडे गेले होते.

रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढाच तुकडा फिरत होता. खाली आमच्या केंद्राचं नाव, आणि माझा आवाज: फवारणी करू नका.

चार दिवसांनी जवळच्या गावातला एक शेतकरी पिशवीत बोंडं घेऊन आला. त्याच्या शेतात डोमकळ्या भरपूर होत्या, औषध आणून ठेवलेलं होतं, क्लिप बघून थांबला. बोंडं फोडली तर आत अळ्या. तो चिडला नव्हता. "तुम्हीच म्हणल्या ना मॅडम," एवढंच म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

या अळीत दिवसाला किंमत आहे. अंड्यातून निघाली की लवकरच ती बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजतं, आणि मग वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. पण मी "सगळ्यांनी लगेच फवारा" असंही म्हणू शकत नाही. 2017 मध्ये बोंडअळीने पीक खाल्लं, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. गरज नसलेली एकही फवारणी माझ्या तोंडून सुचवली जाऊ नये असं मला वाटतं. त्यामुळे माझं उत्तर अटीचंच असणार. ते वीस सेकंदांत, अडवलं तरी न मोडता कसं सांगायचं, ही माझी मुख्य अडचण आहे.

आता पुन्हा दोन बोलावणी आली आहेत. शनिवारी आकाशवाणीवर दहा मिनिटांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग. आणि पुढच्या गुरुवारी एका वाहिनीची ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) शेतात येणार आहे, त्यात कानात यंत्र घालून स्टुडिओतल्या अँकरशी बोलायचं. नाही म्हणावं असं दोनदा मनात आलं. पण मी नाही म्हटलं तर तिथे औषध विकणारा बोलेल.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. उत्तरं लिहून पाठ करावीत का? अँकरने मध्येच तोडलं तर काय? "बीटी फसलं का, हो की नाही?" असं विचारलं तर? (बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी.) आणि कानातल्या यंत्राची मला खरंच भीती वाटते.

मध्यमलहर

ताई, मी आकाशवाणीच्या शेती विभागात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमचं लिखाण दोनदा वाचलं. तुमच्या घाबरण्यापेक्षा मला तुमच्या वाक्याची काळजी वाटली.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. "अमुक असेल, तमुक असेल, तर अशी अशी फवारणी..." इथवर ऐकणाऱ्याला कळतच नाही की करा म्हणताय की करू नका. सगळा निकाल शेवटच्या शब्दात. कुणी मध्ये तोडलं की निकालच गेला. आणि उलटं, मागचा तुकडा उचलला की अट गेली आणि नुसतं "करू नका" उरलं. तुमच्याबाबतीत एकाच संध्याकाळी दोन्ही झालं.

उपाय एकच: लांब वाक्य मोडा. प्रत्येक तुकड्याला स्वतःचं क्रियापद द्या. "आधी पतंग मोजा. सापळ्यात रात्रीला आठ, असं तीन रात्री भरलं, की फवारा. त्याआधी नको." यातलं कुठलंही वाक्य एकटं काढलं तरी खोटं होत नाही. शेवटचं "त्याआधी नको" सुद्धा "त्याआधी" घेऊनच फिरेल. "प्रादुर्भावग्रस्त", "आर्थिक नुकसान पातळी" हे शब्द कार्यालयात ठेवून या.

पाठ करू नका. पाठ केलेलं रेडिओवर लगेच ऐकू येतं, शब्द एका चालीत पडायला लागतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त आकडे लिहा, आणि कागद हातात धरू नका, टेबलावर सपाट ठेवा, नाहीतर सळसळ रेकॉर्ड होते. काचेच्या बांगड्या त्या दिवशी काढून ठेवा. माइकपासून वीतभर अंतर ठेवा, आणि पाणी साधं प्या, गार नको.

शनिवारचं रेकॉर्डिंग आहे, थेट नाही, याचा पुरेपूर फायदा घ्या. चुकलात तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. थांबा, दोन सेकंद गप्प राहा, आणि वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणा. संपादनात शांततेच्या जागी कापता येतं, अडखळण्याच्या मधोमध कापलं तर जोड कळतो. निर्मात्याला "हे परत घेऊ या" म्हणायला अजिबात संकोच करू नका. आम्हाला ते आवडायचं.

डेस्कवाला

मी एका वाहिनीच्या आउटपुट डेस्कवर आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. अँकर तुम्हाला तोडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या कानात निर्माता ओरडत असतो, "पुढे चल, ब्रेक आहे." तो तुमचं ऐकत असतो आणि आमचंही. त्यामुळे दोन मिनिटं सांगितली असतील तर पहिली वीस सेकंदंच तुमची धरून चाला. मुद्दा आधी, कारण नंतर.

फोन येतो तो गेस्ट कोऑर्डिनेटरचा. त्याला चार गोष्टी विचारा, तो सांगतो: थेट आहे की रेकॉर्डेड, किती वेळ, सोबत आणखी कोण आहे, आणि आजची बातमी नेमकी काय चालली आहे. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. बातमी "शेतकरी हवालदिल" अशी असेल तर पहिला प्रश्न भरपाईचाच येणार. त्यावर, "भरपाईचं पंचनाम्यानंतर शासन ठरवतं. उभं पीक कसं वाचवायचं ते मी सांगते," असं म्हणून सरळ आपल्या मुद्द्यावर या. सरकारी धोरणावर मत देऊ नका. तुमच्या सेवेचे वर्तणूक नियम असतील, ते एकदा बघून घ्या आणि वरिष्ठांना लेखी कळवून ठेवा.

"नाही नाही" ने उत्तर सुरू करायची सवय सोडा. आपण मराठी माणसं बोलताना सहज करतो ते, पण क्लिप तिथूनच कापली जाते. प्रश्नातला वाईट शब्दही परत उच्चारू नका. त्याने "शास्त्रज्ञ झोपले होते का?" विचारलं आणि तुम्ही "आम्ही झोपलो नव्हतो" म्हणालात, की पडद्याखालच्या पट्टीवर तेच.

कानातल्या यंत्राबद्दल. ओबीवर आवाज एक-दोन सेकंद उशिरा येतो. प्रश्न संपला असं वाटलं की मनात एक आकडा मोजा आणि मग बोला, नाहीतर दोघं एकदम बोलायला लागता. स्वतःचाच आवाज घुमून परत येत असेल तर थेट जाण्याआधी कॅमेरामनला सांगा, ते आमच्याकडून बंद करता येतं. नजर कॅमेऱ्याच्या भिंगात ठेवा, शेजारच्या मॉनिटरकडे नको. बोलून झालं तरी तसंच उभं राहा, कॅमेरामन "झालं" म्हणेपर्यंत. आणि माइक लावल्यापासून तो काढेपर्यंत, तो चालू आहे असंच समजा. बारीक रेघांची किंवा चौकड्यांची साडी टाळा, पडद्यावर लहरी दिसतात. कॉलरमाइक मंगळसूत्रावर घासणार नाही असा लावून घ्या.

आणि फोनो परत कधी दिलात तर एका जागी उभं राहून द्या. पंखा बंद, स्पीकरफोन नको, शेजारचा टीव्ही बंद.

बालरोग

कोविडच्या काळात आमच्या जिल्ह्याच्या केबल वाहिनीवर मी आठवड्यातून दोनदा बोलायचो, त्यावरून लिहितो. मध्यमलहर म्हणतात तसं पाठ करू नये हे खरं, पण पहिलं वाक्य मात्र पाठच असावं. एकच. भीतीचा जोर पहिल्या दहा सेकंदांत असतो, तेवढं वाक्य तुम्हाला तिथून पार करतं.

सराव मोबाईलवर करा. घरातल्या कुणाला प्रश्न विचारायला बसवा, स्वतःला रेकॉर्ड करा, आणि मग चित्र न बघता नुसता आवाज ऐका. बघत बसलं की आपण आपले केस आणि हात बघतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कळलं की मी दर वाक्यानंतर "बरोबर?" म्हणतो.

"हो की नाही" च्या प्रश्नाला घाबरू नका. जितकं खरं आहे तितकं हो म्हणा आणि लगेच हद्द सांगा.

पऱ्हाटी

मॅडम, मी कापूस उत्पादक. बोलणं कसं करायचं ते वरच्यांनी सांगितलं, मी ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. टीव्हीवर "आठ पतंग" म्हणता तेव्हा माझ्या गावातले निम्मे लोक तिथेच सोडून देतात, कारण त्यांच्याकडे सापळाच नाही. ज्याने सापळा लावला नाही त्याने काय बघायचं ते आधी सांगा. बोंडं फोडून बघायला सगळ्यांना जमतं. आणि किती झाडं, किती बोंडं, आकडा द्या. "प्रादुर्भाव दिसल्यास" म्हणू नका. दिसल्यास म्हणजे एक दिसली तरी का?

आणि तुमच्याकडे जो शेतकरी आला होता, त्याला यंदा आधी फोन करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पऱ्हाटीदादा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. त्या शेतकऱ्यांना काल फोन केला. या वर्षी त्यांनी एकरी दोन सापळे लावले आहेत आणि रोज सकाळी मोजतात. गुरुवारचं प्रक्षेपण त्यांच्याच शेतातून करू या का असं विचारलं, हो म्हणाले.

काल रात्री बसून उत्तरं नव्याने बांधली. बघा कशी वाटतात.

पहिलं, पाठ करायचं: "आज शेतात जा आणि वीस हिरवी बोंडं फोडा. दोनात अळी सापडली, तर फवारणीची वेळ झाली आहे."

त्यानंतर: "सापळा लावला असेल तर रोज सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात रात्रीला आठ, असं सलग तीन रात्री आलं, तरी फवारा. त्याआधी नको, खर्चही वाचतो आणि जीवही."

डोमकळीसाठी: "मिटलेलं फूल दिसलं की तोडा. तोडून शेतात टाकू नका, नष्ट करा."

बीटीच्या प्रश्नाला: "गुलाबी बोंडअळीपुरतं, हो. ती आता बीटीला दाद देत नाही. हिरव्या बोंडअळीवर बीटी अजून काम करतं. म्हणून गुलाबीवर नजर आपल्यालाच ठेवावी लागते."

फरदडीबद्दलही बोलायचं आहे, डिसेंबरनंतर कापूस शेतात ठेवला की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. पण ते गुरुवारी घुसवलं तर पहिलं बुडेल. ते आकाशवाणीच्या दहा मिनिटांत सांगेन.

मध्यमलहर

"दोनात अळी सापडली, तर" इथे किंचित थांबा. आणि "तोडून शेतात टाकू नका, नष्ट करा" यात करायचं ते आधी आणा: "तोडा आणि जाळा किंवा पुरा." नष्ट म्हणजे काय, हे प्रत्येकाने आपापलं ठरवायला नको. बाकी उत्तम. बीटीचं उत्तर तर मी असतो तर जसंच्या तसं प्रसारित केलं असतं.

धागाकर्ती

बदललं. आता एकच राहिलं. घरात सराव केला, पण नवरा मला तोडतच नाही, ऐकून घेतो. बुधवारी रात्री कुणी फोनवर अँकर होऊन मला खरोखर अडवेल का?

डेस्कवाला

मी करतो. साडेनऊला शिफ्ट संपते, त्यानंतर. नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. प्रश्न आधी सांगणार नाही.

धागाकर्ती

व्यनि केला आहे. बुधवारी सकाळी त्यांच्या शेतात जाऊन बोंडं फोडून येते आणि सापळे मोजते, म्हणजे तुम्ही विचाराल तेव्हा आकडा त्या दिवसाचा असेल.